दसऱ्याच्या सुट्टीत देवबागला जातोय, सोबत सव्वा वर्षाची लेक. डासांचं काय करू?

घाटावरची
रविवार, रात्री 9:40

मंडळी, पुण्याहून निघून फोंडा घाट उतरून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालवणला पोचतोय. मुक्काम देवबागला, एका घरगुती निवासात, तीन रात्री. माणसं चार: मी, नवरा, सासूबाई (68, मधुमेह आहे) आणि लेक, सव्वा वर्षाची.

लेकीच्या रक्तात काय गोडी आहे देव जाणे. सोसायटीच्या बागेत सगळे बसलेले असतात आणि डास तिलाच शोधून काढतात. चावलं की बोराएवढी गांध उठते, दोन-दोन दिवस उतरत नाही. ऑफिसात सल्ला विचारला तर दोन पक्ष पडले. एक म्हणतो, पावसाळा संपता संपता कोकणात जाऊ नका, डास फाडून खातात. दुसरा म्हणतो, समुद्रावर कसले डास, वाऱ्याने उडून जातात. दोघेही तारकर्लीला जाऊन आलेले आहेत, म्हणजे दोघांचंही ऐकायला हवं.

बेत डिसेंबरवर ढकलू का? खोली समुद्राकडची घ्यावी की खाडीकडची? निवासवाले म्हणाले दोन्ही रिकाम्या आहेत. लेकीच्या अंगाला काय लावता येतं? सासूबाईंना कॉइलशिवाय झोप येत नाही आणि कॉइल लावली की रात्रभर खोकतात, त्याचंही काहीतरी सांगा. जाऊन आलेल्यांनी आणि तिथल्याच कोणी असेल तर त्यांनी लिहा.


माडाखाली
रविवार, रात्री 11:15

ताई, मी देवबागचीच. लग्न होऊन आले त्याला बावीस वर्षं झाली. चार खोल्यांचं निवास चालवते, तेव्हा मी काही निःपक्षपाती नाही, माझं म्हणणं पारखून घ्या. (तुम्ही बुक केलंय ते माझं नव्हे. माझ्या चारही खोल्या त्या आठवड्यात भरलेल्या आहेत.)

तुमच्या ऑफिसातले दोघेही खरं बोलतायत. एक दुपारी चारला वाळूवर बसला असेल, दुसरा संध्याकाळी साडेसहाला विहिरीपाशी.

आमचं गाव म्हणजे एक पट्टी आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी, मध्ये माड आणि माणसं. काही ठिकाणी एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे चालत जायला पाच मिनिटं लागत नाहीत. दुपारभर समुद्राकडून वारा येतो, दोरीवरचे टॉवेल आडवे होतात. त्या वाऱ्यात डास उडूच शकत नाही. सूर्य बुडायच्या सुमारास हा वारा पडतो. जमिनीकडून मतलई सुटते ती रात्री उशिरा. या दोन वाऱ्यांच्या मधला जो दीड-दोन तासांचा वेळ, तो डासांचा. माडाची झावळ हलेनाशी झाली की ओळखायचं. आमच्या सासूबाई घड्याळ बघत नाहीत, माड बघतात आणि ओरडतात, "गो, तिनसान झाली, दारां बंद कर!" बाकीचं जग सूर्यास्ताचे फोटो काढत असतं तेव्हा आमच्याकडे खिडक्या लावायची धांदल असते. सात-साडेसात वाजेपर्यंत दार उघडायचं नाही, हा घरचा कायदा.

आता महिन्यांचं. मे महिन्याच्या शेवटी वळीव पडला की आठ-दहा दिवसांत पहिली पिढी तयार. मग जून-जुलैत धो धो कोसळतो, तेव्हा उलट कमी असतात, कारण सगळं धुऊन जातं. खरा त्रास श्रावणापासून. सकाळी सर, दुपारी ऊन, परत सर. जिथे म्हणून वाटीभर पाणी साठेल तिथे साठतं आणि कोमट राहतं. भाद्रपद, अश्विन हेच. परतीचा पाऊस लांबला तर दिवाळीपर्यंत. तुम्ही येताय तो काळ उतरणीचा, पण उतरलेला नव्हे. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, हवा कोरडी आणि रात्री अंगावर चादर लागते. पण नाताळात ताई, गाडी उभी करायला जागा मिळणार नाही आणि सुरमईचा भाव ऐकून परत घाट चढाल. मी म्हणेन या. फक्त कसं राहायचं ते ठरवून या.

खोली समुद्राकडची घ्या. खाडीकडून दिसतं सुंदर, पण तिथे कांदळवन आहे, वारा अडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आत चढतं आणि ओहोटीला खड्ड्याखड्ड्यांत राहून जातं. त्या मचूळ पाण्यातही वाढणारे डास असतात. शिवाय खाडीच्या तोंडाच्या ओल्या वाळूत बारीक, तिळाहून लहान चावरे किडे असतात, ते डास नव्हेत. आवाज नाही, काही नाही, घोट्याला आग झाली की कळतं. संध्याकाळी तिथे फतकल मारून बसू नका, खुर्ची घ्या, पाय झाकून ठेवा.

पण खोलीच्या दिशेपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला माझ्या घरात डेंग्यू शिरल्यावर कळली. चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी सासूबाईंना ताप भरला. अंग मोडून आलं, डोळ्यांमागे दुखतंय म्हणायच्या. रक्त तपासलं तर डेंग्यू. मी म्हटलं, खाडी, दुसरं काय! आरोग्य केंद्रातून ताई आल्या बघायला. खाडीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, फ्रिज पुढे ओढायला लावला आणि मागचा ट्रे काढला. त्यात बोटभर पाणी, आणि पाण्यात वळवळ. तो फ्रिज दिवसातून वीस वेळा मी उघडते. मागे काय आहे हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की हातात काठी घेऊन अंगणाची फेरी. काठी कशाला, तर उलथायला. नारळ फोडल्यावर फेकलेल्या करवंट्या (यातच सगळ्यात जास्त), पोफळीची गळून पडलेली विरी, ती तर होडीसारखीच असते, पाणी धरूनच ठेवते. कुंपणाचे बांबू वरून कापलेले असतात, त्यांच्या पोकळीत. होडीवर घातलेल्या ताडपत्रीच्या खळग्यात. मासळीचे थर्माकोलचे खोके. धक्क्याला बांधलेले टायर. कुंड्यांखालच्या ताटल्या. बांबूत मी वाळू भरली, टायरना खालून भोकं पाडली, विहिरीत गप्पी मासे सोडले. करवंट्या आता उपड्या, चुलीजवळ.

एकदा मुंबईचे पाहुणे तक्रार करत होते, तुमच्याकडे जंगल आहे म्हणून डास आहेत. मी एक करवंटी उचलून उन्हात धरली. तळाला चहाच्या चमच्यात मावेल एवढं पाणी. आधी काहीच दिसेना त्यांना. मग करवंटीवर बोटाने टिचकी मारली, तशा कडेला लटकलेल्या सात-आठ अळ्या स्वल्पविरामासारख्या वाकत सरसर खाली गेल्या. त्यांचा मुलगा अर्धा तास ती करवंटी घेऊन बसला होता. समुद्र बघायला आणला होता त्याला!

म्हणून तुमच्या निवासवाल्यांना फोन करून "डास आहेत का हो" असं विचारू नका. नाहीच म्हणतील, मीही म्हणते. विचारा: खिडक्यांना जाळी आहे का, आणि न्हाणीच्या झरोक्याला आहे का? (तिथूनच शिरतात.) पलंगाला मच्छरदाणी बांधता येते का? लाईट गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का? हे तिसरं विसरू नका. आमच्याकडे वादळी पाऊस आला की लाईट जाते, मग भिंतीत लावायचं डासांचं मशीनही गेलं आणि पंखाही गेला. उरते ती मच्छरदाणी. चौथा प्रश्न विचारणार असाल तर विचारा, कोरडा दिवस पाळता का, म्हणजे आठवड्यातून एक वार ठरवून साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करता का. जो लगेच वार सांगेल त्याच्याकडे बिनधास्त राहा.

बाळाच्या औषधांचं मी सांगत नाही, ते माझं काम नव्हे.


कापूरवडी
सोमवार, सकाळी 7:05

कशाला त्या केमिकलच्या नादी लागता? अर्ध्या लिंबात लवंगा खोचून उशाशी ठेवा, खोलीत भीमसेनी कापूर जाळा, बाळाच्या अंगाला खोबरेल तेलात कडुलिंबाचं तेल. मोबाईलवर डास पळवणाऱ्या आवाजाचं ॲपही मिळतं, फुकट आहे. आम्ही गणपतीपुळ्याला हेच केलं, एकही डास चावला नाही. आपल्या आजीला कुठे होती मशिनं?


माडाखाली
सोमवार, सकाळी 7:50

कापूरवडी, गणपतीपुळ्याला कधी गेला होता तुम्ही? जानेवारीत ना?


कापूरवडी
सोमवार, सकाळी 8:02

फेब्रुवारी. पण मुद्दा तो नाही.


पायपीट
सोमवार, दुपारी 1:30

मुद्दा बराचसा तोच आहे, पण कापूरवडींना टोचायला लिहीत नाही. आजीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आजीला मशिनं नव्हती हे खरं, पण तिच्या घराच्या भिंतीवर फवारणीवाल्यांनी टाकलेली तारीख होती. देशाचा हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम 1953 चा, निर्मूलनाचा 1958 चा. घरोघर डीडीटी मारली गेली. आजीच्या काळात कापराने हिवताप गेला नाही, आणि ज्यांच्या घरी तो होता त्यांना थंडीने गोधडीत कुडकुडणारं माणूस अजून आठवतं.

मी आरोग्य खात्यात बहुउद्देशीय कर्मचारी होतो, एकतीस वर्षं, बहुतेक कुडाळ-वेंगुर्ल्याच्या वाड्यांवर. पिशवीत हिवतापाच्या तपासणीला रक्ताचा थेंब घ्यायच्या काचपट्ट्यांचा डबा, दारात उभं राहून एकच प्रश्न: "घरात तापाचं माणूस आहे?" आता निवृत्त आहे, पण कोणाच्याही घरी गेलो तरी आधी कुंडीखाली बघतो. सून चिडते.

घाटावरची ताई, माडाखाली यांनी वाऱ्याचं जे सांगितलं ते अगदी बरोबर. त्यात एक भर घालतो. संध्याकाळचे डास वेगळे आणि डेंग्यूचा डास वेगळा. हिवतापाचा अ‍ॅनोफिलीस आणि रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स हे तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंतचे. डेंग्यू-चिकुनगुन्याचा एडिस दिवसाचा. सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर. काळा, पायांवर पांढरे पट्टे, उडतो बुटका, त्यामुळे घोटा आणि पोटरी गाठतो. आवाज जवळजवळ नाही. त्यामुळे सगळे लोक रात्री मच्छरदाणी लावतात आणि लेकरू दुपारी झोपलं की पंखा लावून तसंच उघडं ठेवतात. तुमच्या लेकीची दुपारची झोपही मच्छरदाणीतच. छत्रीसारखी उघडते ती लहान मुलांची जाळी पुण्याहूनच घेऊन जा, हलकी असते. मोठी मच्छरदाणी बांधली तर कडा गादीखाली नीट खोचा, आणि झोपायच्या आधी टॉर्च मारून आत बघा. आत एक राहिला तर रात्रभर त्याची मेजवानी.

अंगाला लावायचं ते. दुकानात मिळणारं आपलं नेहमीचं ओडोमॉस म्हणजे डायइथाइल बेंझामाइड, 12 टक्के. कोणत्याही पाकिटावर वयाची अट छापलेली असते ती वाचा. लहान मुलांसाठी डीट किंवा पिकारिडीन (दोन्ही डास दूर ठेवणारी रसायनं) असलेलं मलम दोन महिन्यांपुढे चालतं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, मुलांसाठी डीट 30 टक्क्यांच्या आत ठेवायचं. टक्के जास्त म्हणजे औषध जास्त जालीम असं नाही, जास्त वेळ टिकतं इतकंच. 10 टक्क्यांचं साधारण दोन तास, 24 टक्क्यांच्या आसपासचं पाच तास. तुम्हाला संध्याकाळचे दोनच तास काढायचेत, तर कमी टक्क्यांचं पुरे. लिंबासारख्या वासाच्या निलगिरीचं तेल असतं, तेही काम करतं, पण ते तीन वर्षांच्या आतल्या मुलाला लावायचं नाही. नैसर्गिक आहे म्हणून बाळाला चालेल असा हिशोब इथे चुकतो. जाण्याआधी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना एकदा नाव दाखवून घ्या आणि घरीच थोडं लावून बघा, गांधी उठणारी कातडी आहे तिची.

लावायची रीत: आधी आपल्या तळहातावर घ्यायचं, मग तिच्या पायांना, दंडाला, मानेच्या मागे. तिच्या हाताच्या पंजांना नाही, कारण ते तोंडात जाणार. उन्हाचं क्रीम लावणार असाल तर ते आधी, हे नंतर. समुद्रात डुंबून आली की सगळं धुतलं गेलं असं धरून चाला. खोलीत आल्यावर साबणाने पुसून काढा. आणि लांब बाह्यांचं, पायजम्यासारखं, सैल, फिक्या रंगाचं सुती कापड. मला विचाराल तर मलमाच्या आधी कापड.

कॉइलचा धूर बंद खोलीत घेणं म्हणजे सिगारेटच्या खोलीत झोपण्यातलाच प्रकार. तुमच्या सासूबाईंना व्हरांड्यात बसायचं तेव्हा पायाशी लावा, खोलीत नको. खोलीत भिंतीतलं लिक्विडचं मशीन, तेही साडेपाचला दारं लावून सुरू करा, बाळाच्या उशाशी नको. आणि पंखा. डास उडण्यात कच्चा असतो. व्हरांड्यात एक टेबलफॅन जमिनीलगत पायांकडे तोंड करून ठेवलात तर अर्धी लढाई जिंकली.

ॲपचा आवाज, हातातले रबरी पट्टे, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या, लसूण: चाचण्यांत यांचा काही उपयोग दिसलेला नाही. कापूर आणि सिट्रोनेला वास आहे तोवर थोडंफार करतात, मग संपलं. धुरीने डास बाजूला सरतो, मरत नाही. गावात धूरफवारणीची गाडी आली की लोकांना बरं वाटतं, पण तिने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच. चार दिवसांत पुन्हा तेच.

आता तापाचं, कारण तुमच्या घरच्या आजी, म्हणजे सासूबाई, मधुमेही आहेत. डेंग्यूचा डास चावल्यावर ताप यायला साधारण चार ते दहा दिवस जातात. म्हणजे तिथे दुसऱ्याच दिवशी कोणी तापलं तर तो डास देवबागचा नसून पुण्याचा. हे मी मुद्दाम सांगतोय. आमच्याकडे दर दिवाळीत मुंबई-पुण्याहून ताप घेऊन पाहुणे यायचे आणि नाव आमच्या गावाचं व्हायचं! उलट परत गेल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा की कोकणात जाऊन आलो. काचपट्टी आणि डेंग्यूची तपासणी दोन्ही होऊ देत. पहिल्या पाच दिवसांत एनएस-1 ही डेंग्यूची रक्ततपासणी करतात. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनच्या जातीच्या अंगदुखीच्या गोळ्या अजिबात नाहीत, रक्तस्राव वाढतो. आजी अ‍ॅस्पिरिन रोज घेत असतील तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, आपण होऊन बंद करू नका. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच फसवे. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त, माणूस मलूल: तडक दवाखाना.

शेतात जाणार असाल तर भाताच्या चिखलात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. तो डासांचा विषय नाही, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) आहे, पण आमच्या जिल्ह्यात सांगायचं राहून चालत नाही.


मांडवीपलीकडे
सोमवार, रात्री 10:20

आमच्या गोव्यात डासाला जळार म्हणतात, एवढीच भर घालायला आलो होतो. पण पायपीट काकांचं वाचून राहवलं नाही. बार्देशात हिवतापाची गोष्ट वेगळी होती. किनाऱ्यावर हॉटेलं उठायला लागली तेव्हा खरा कारखाना शेत नव्हतं, बांधकाम होतं. स्लॅबवर सिमेंट मुरायला साठवलेलं क्युरिंगचं पाणी, उघड्या टाक्या, लिफ्टचे खड्डे. शहरी हिवतापाचा डास, अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी, असल्याच स्वच्छ पाण्यात आणि विहिरींत वाढतो. म्हणून आमच्याकडे बांधकामावरच्या मजुरांना हिवताप तपासणीचं आरोग्य कार्ड काढावं लागतं. किनाऱ्यावर खोली घेताना मी अजूनही शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे का ते आधी बघतो. निवासवाल्यांनी आपली अंगणं कितीही उलथली तरी शेजारच्या स्लॅबचं काय करणार?


माडाखाली
सोमवार, रात्री 10:45

शेजारच्या स्लॅबवर जाऊन मी स्वतः भांडून आले आहे, दोनदा. तिसऱ्यांदा गावच्या आरोग्यसेविका आशाताईंना (आशा कार्यकर्तीला) सोबत नेलं, तेव्हा टाकीवर झाकण बसलं.


घाटावरची
तेरा दिवसांनी, रविवार, संध्याकाळी 5:10

आलो परत. सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते.

निवासवाल्यांना फोन करून ते चार प्रश्न विचारले. जाळी आहे म्हणाले, मच्छरदाणी देऊ म्हणाले, इन्व्हर्टरवर एक पंखा चालतो म्हणाले. कोरडा दिवस विचारल्यावर पलीकडून शांतता, मग "मॅडम, दारू पाहिजे का?" मी इतकी हसले! समजावून सांगितलं. पोचलो तर अंगण झाडलेलं होतं आणि करवंट्या एका पोत्यात भरून ठेवलेल्या. न्हाणीच्या झरोक्याला मात्र जाळी नव्हती. नवऱ्याने पुण्याहून नेलेली जाळीची पट्टी चिकटपट्टीने लावली, दहा मिनिटांचं काम.

समुद्राकडची खोली घेतली. पहिल्या दिवशी दुपारी वाळूवर तीन तास होतो, लेक वाळू खात होती, डास एक नाही. मला वाटलं उगाच एवढा बाऊ केला. सव्वासहाला वारा पडला. खरंच पडतो, ताई! कोणीतरी बटण बंद करावं तसा. माड चित्रासारखे उभे. आम्ही सूर्यास्त अर्धा सोडून चपला हातात घेऊन पळत खोलीवर, आणि आजूबाजूचे लोक बघतायत की यांच्या घरी काय झालं. दार लावलं. साडेसातला बाहेर आलो तर शेजारच्या खोलीतली दोन मुलं पोटऱ्या खाजवत बसली होती. टेबलफॅन जमिनीवर ठेवून व्हरांड्यात जेवलो. सोलकढी दोनदा मागितली सासूबाईंनी, मधुमेहाला चालते म्हणाल्या. कॉइल पायाशी लावली, खोकला नाही.

दुसऱ्या रात्री पाऊस आला आणि लाईट गेली ती पहाटेपर्यंत. मच्छरदाणीत तिघी झोपलो, नवरा बाहेर राहिला, त्याच्या अंगावर सकाळी अकरा गांधी मोजल्या. लेकीला तीन दिवसांत दोनच, दोन्ही घोट्यावर. सकाळी साडेसातला अंगणात कोंबड्या बघायला सोडलं होतं तेव्हाच्या. मोजे घालायचे राहून गेले होते. काका, तुम्ही सांगितलेली वेळ अगदी तीच.

ताप अजून तरी कोणाला नाही. कॅलेंडरवर दोन आठवड्यांची खूण केली आहे, अजून काही दिवस उरलेत.

खरी गोष्ट पुढेच आहे. काल घर आवरताना सहज काकांची आठवण झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी मनी प्लांटची बाटली आहे, काचेची, दोन वर्षांपासून. पाणी आटलं की वरून भर घालते, बदलत नाही. उचलून उजेडात धरली, टिचकी मारली. सतरा. मोजल्या मी. लेकीचा पाळणा त्या खिडकीपासून चार पावलांवर आहे.

बाटली गॅलरीत ठेवून दार लावून घेतलंय. आता तिचं काय करायचं ते सांगा. मोरीत ओतू का?


माडाखाली
रविवार, संध्याकाळी 5:18

मोरीत नको गो. मोरीच्या साचलेल्या पाण्यातही जगतील. कोरड्या मातीवर किंवा उन्हातल्या फरशीवर ओता, पाच मिनिटांत खेळ खलास.


पायपीट
रविवार, संध्याकाळी 5:40

आणि बाटली आतून ब्रशने घासा, गळ्यापर्यंत. एडिसची अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात. कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात, पाणी वर चढलं की फुटतात. मुळंही धुऊन घ्या. मग मनी प्लांट मातीत लावून टाका, वाढेलही बरा.


घाटावरची
रविवार, संध्याकाळी 6:25

घासली. काचेवर काळी रेघ होती, मी ती शेवाळ समजत होते. आता फ्रिज ओढायला नवऱ्याला हाक मारली आहे.